प्रोसेसर बदलला की प्रोग्राम का अडखळतो? : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत कोकणातून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. दुकानात, शेडमध्ये किंवा कचेरीत वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम नव्या, लहान आणि स्वस्त यंत्रावर नेला की तो चुकीचे वागू लागतो. जुना संगणक इंटेल किंवा एएमडीचा, म्हणजे एक्स८६ घराण्यातला असतो; नवे यंत्र बहुधा आर्म घराण्यातले असते. पत्र लिहिणाऱ्यांचा रोख साहजिकच नव्या यंत्रावर असतो. माझे मत वेगळे आहे. यातल्या बहुतेक चुका प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून होत्या आणि जुन्या प्रोसेसरने त्या आजवर पोटात घातल्या होत्या. जागेअभावी प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्यांची पावती छापणारा सी++ मधला प्रोग्राम कित्येक हंगाम इंटेलच्या संगणकावर विनातक्रार चालला. यंदा प्रत्येक काट्याजवळ पावती मिळावी म्हणून रास्पबेरी पाय हे आर्मचे छोटे संगणक घेतले आणि त्यावरच्या लिनक्सवर तोच प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला. आकडे आणि इंग्रजी नावे नीट येतात, पण बागायतदाराचे मराठी नाव आले की भलतीच चिन्हे उमटतात. प्रिंटर तोच आहे, केबलही तीच आहे. ‘अक्षराची किंमत शून्यापेक्षा कमी असेल तर ते मराठी समजून चित्ररूपाने छापा, नाहीतर सरळ प्रिंटरकडे पाठवा’ अशी अट कोडमध्ये आहे. (पावस)

उत्तर : आपण ती अट लिहून पाठवलीत हे फार बरे केलेत, ती नसती तर फाँट, ड्रायव्हर आणि प्रिंटर यांच्या मागे आपल्याप्रमाणे मीही धावलो असतो. ‘हापूस’ या शब्दातले पहिले अक्षर ‘ह’ घेऊ. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत ते तीन बाइटांत साठवले जाते आणि त्या बाइटांच्या किमती २२४, १६४ आणि १८५ अशा असतात. आठ बिटांचा एक बाइट ० ते २५५ असा वाचता येतो किंवा उणे १२८ ते १२७ असाही वाचता येतो. दुसऱ्या रीतीने वाचल्यास तेच तीन बाइट उणे ३२, उणे ९२ आणि उणे ७१ होतात. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचे सगळेच बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असल्यामुळे दुसऱ्या रीतीत ते नेहमी ऋणच दिसतात, आणि आपली अट नेमकी याच योगायोगावर उभी आहे.

सी आणि सी++ या भाषांच्या मानकाने ‘चार’ (char, म्हणजे एका बाइटाचे अक्षर) हा प्रकार यांपैकी कोणत्या रीतीने वाचावा हे ठरवून दिलेले नाही. तो निर्णय त्या त्या मंचावर, म्हणजे प्रोसेसर आणि कार्यप्रणाली यांच्या जोडीवर, सोडला आहे. एक्स८६ वर, लिनक्स असो वा विंडोज, तो चिन्हासहित वाचला जातो. आर्मवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हाविना वाचला जातो आणि पॉवर, आयबीएमचे मेनफ्रेम व रिस्क-फाइव्ह या इतर घराण्यांच्या प्रोसेसरांवरच्या लिनक्समध्येही तसेच आहे. त्यामुळे आपल्या रास्पबेरी पायवर ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधीच खरी ठरत नाही, मराठी नावाचे बाइट सुटे सुटे थेट प्रिंटरकडे जातात आणि त्याच्याजवळ देवनागरी अक्षरसंच नसल्यामुळे तो त्या जागी हाताशी असलेली चिन्हे छापतो. ॲपलच्या नव्या मॅकमधला प्रोसेसर आर्म घराण्यातला असूनही ॲपलने तिथे ‘चार’ चिन्हासहितच ठेवला आहे. तेव्हा कोणी मित्र ‘माझ्या मॅकवर तर चालते, तोही आर्मच आहे’ असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे खरे असेल, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही.

उपाय दोन आहेत. हंगाम तोंडावर असेल तर जीसीसी या कंपायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) ‘एफ-साइन्ड-चार’ हा पर्याय देऊन सगळा प्रोग्राम पुन्हा बांधावा, म्हणजे कंपाइल करावा. पावत्या त्याच दिवशी नीट छापू लागतील. मात्र हे ठिगळ आहे, कारण पुढे कोणी तो पर्याय न देता प्रोग्राम बांधला की चूक परत येईल. खरा उपाय म्हणजे बाइट स्पष्टपणे ‘अनसाइन्ड चार’ म्हणून घ्यावा आणि तो १२८ किंवा अधिक आहे का हे तपासावे. त्याहून चांगले म्हणजे यूटीएफ-८ उलगडून अक्षराचा युनिकोड क्रमांक काढावा आणि तो २३०४ ते २४३१ या देवनागरीच्या पट्ट्यात पडतो का ते पाहावे. तसे केल्यास उद्या नावात रुपयाचे चिन्ह किंवा दुसऱ्या लिपीतले अक्षर आले तरी ते मराठी समजले जाणार नाही.

याच घरातली दुसरी चूकही कोडमध्ये शोधून ठेवावी. फाइलमधून एकेक अक्षर वाचून ते ‘चार’ प्रकारात ठेवायचे आणि फाइल संपल्याची खूण म्हणून उणे एकशी ताडून पाहायचे, असे लूप जुन्या पुस्तकांतून सर्रास उचललेले असते. आर्मवरच्या लिनक्समध्ये ती किंमत २५५ होते, उणे एकशी कधीच जुळत नाही आणि लूप अनंतकाळ फिरत राहते. एक्स८६ वर मात्र ते थांबते. तिथेही २५५ किमतीचा खरा बाइट आला तर ते वेळेआधीच थांबेल. पण यूटीएफ-८ मजकुरात हा बाइट कधीच येत नसल्यामुळे चूक उघडी पडत नाही. वाचलेले अक्षर आधी ‘इंट’ या अधिक रुंद पूर्णांक प्रकारात घ्यावे, एवढाच यावरचा उपाय आहे.

ही तपासणी करायला आर्मचे यंत्र लागतच नाही. इंटेलच्या त्याच जुन्या संगणकावर ‘एफ-अनसाइन्ड-चार’ हा उलटा पर्याय देऊन प्रोग्राम बांधावा, सोबत ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हा इशाऱ्यांचा पर्याय चालू करावा. ‘ही तुलना कायम खोटी ठरेल’ अशा अर्थाचा इशारा कंपायलर स्वतःच देतो आणि नेमकी ओळही दाखवतो.

प्रश्न : आमच्या काजू कारखान्याचा हिशेब दोन यंत्रांवर होतो, एक इंटेलचे आणि एक आर्मचे. माल, दर आणि सूत्र सारखे असूनही कधीकधी एका पैशाचा फरक पडतो. कोणते यंत्र बरोबर? (वेंगुर्ला)

उत्तर : दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर आहेत, आपला हिशेब मांडण्याचा प्रकार चुकीचा आहे. ‘वजन गुणिले दर अधिक खर्च’ हे सूत्र दशांशाच्या ‘डबल’ प्रकारात मांडले असेल, तर ६४ बिटांच्या आर्मवर जीसीसी सहसा गुणाकार आणि बेरीज यांची एकच जोडसूचना वापरतो, आणि तीत उत्तराचे पूर्णांकन (जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर आणणे) शेवटी एकदाच होते. एक्स८६ साठी नेहमीच्या पर्यायांनी बांधलेल्या प्रोग्राममध्ये गुणाकारानंतर एकदा आणि बेरजेनंतर पुन्हा एकदा पूर्णांकन होते. फरक शेवटच्या बिटाचा असतो. रक्कम नेमकी अर्ध्या पैशाच्या सीमेवर असली की तो बिट तिला इकडे किंवा तिकडे ढकलतो. ‘एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट’ हा पर्याय ‘ऑफ’ केल्यास जोडसूचना बंद होते आणि दोन यंत्रे जुळू शकतात, पण मी तो मार्ग सुचवणार नाही. पैशांचा हिशेब पैशांतच, पूर्णांकात ठेवावा, वजन ग्रॅममध्ये ठेवावे, आणि पूर्णांकन कोठे व कोणत्या नियमाने करायचे ते कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहून ठेवावे. पूर्णांकांचा गुणाकार, तो मर्यादेत मावतो तोवर, सगळ्या प्रोसेसरांवर एकच उत्तर देतो.

प्रश्न : हापूसच्या बागेत तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रणा मुलाने बसवली आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आणि भुरीचा अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते. आधी बागेत आणि घरी, दोन्हीकडे अर्डुइनो उनो हे छोटे बोर्ड होते तेव्हा सगळे सुरळीत होते. घरचा उनो काढून ईएसपी३२ बसवल्यापासून तापमानाच्या जागी अशक्य आकडे येतात. बागेतल्या यंत्राला आम्ही हातही लावलेला नाही. (देवगड)

उत्तर : चिरंजीवांनी सोबत पाठवलेल्या कोडमध्ये नोंदीचा साचा असा आहे : यंत्राचा क्रमांक एक बाइट, वेळ चार बाइट, तापमान दोन बाइट. बेरीज सात बाइट. उनोवरचा प्रोसेसर आठ बिटांचा असल्यामुळे तो साचा खरोखर सात बाइटांतच ठेवतो. ईएसपी३२ चा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे. त्याचा कंपायलर चार बाइटांची संख्या चाराने भाग जाणाऱ्या मेमरीतल्या पत्त्यावरच सुरू करतो. म्हणून तो क्रमांकानंतर तीन बाइट रिकामे सोडतो, शेवटी आणखी दोन सोडतो, आणि तोच साचा बारा बाइटांचा होतो. बागेतून सात बाइट येतात, घरचे यंत्र ते बारा बाइटांच्या साच्यात ओतते. वेळेचे पहिले तीन बाइट रिकाम्या जागेत जातात, आणि तापमानाच्या जागेपर्यंत बागेतला एकही बाइट पोहोचत नाही. तिथे पूर्वीचा जो काही मजकूर पडलेला असेल तोच आकडा म्हणून वाचला जातो.

अनेक जण यावर साचा ‘पॅक्ड’ करण्याचा सल्ला देतील. रिकाम्या जागा त्याने जातात हे खरे, परंतु नंतर कोणी त्या साच्यातल्या वेळेचा पत्ता घेऊन ती थेट वाचू लागला तर काही प्रोसेसर ते सहन करत नाहीत. ईएसपी८२६६ वर अशा वेळी ‘एक्सेप्शन ९’ असा संदेश देऊन यंत्र पुन्हा सुरू होते, आणि आर्मच्या कॉर्टेक्स-एम० वर तर थेट हार्डफॉल्ट, म्हणजे घातक बिघाड, होतो. एक्स८६ असल्या वाकड्या पत्त्यांना मुकाट्याने चालवून घेतो, म्हणून मेजावरच्या संगणकावर केलेली चाचणी इथे फसवी ठरते.

साचा जसाच्या तसा पाठवणेच बंद करावे, हे मला योग्य वाटते. पाठवणाऱ्याने क्रमांक, वेळ आणि तापमान एकेक बाइट करून ठरलेल्या क्रमाने रांगेत मांडावे, घेणाऱ्याने त्याच क्रमाने उचलावे. रांगेच्या आरंभी आवृत्तीचा एक बाइट आणि शेवटी तपासणी-बेरीज ठेवल्यास उद्या नवा सेन्सर जोडताना जुनी यंत्रे गोंधळणार नाहीत. संख्येतला मोठ्या किमतीचा बाइट आधी की लहान किमतीचा, हेही तेव्हाच ठरून जाते. आपली दोन्ही यंत्रे आज लहान बाइट आधी ठेवणारी असल्यामुळे तो प्रश्न आला नाही इतकेच.

त्याच कोडमध्ये आणखी दोन सुरुंग दिसले. उनोवर ‘इंट’ फक्त १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच असतो. ‘मिलिस’ची, म्हणजे यंत्र सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची, किंमत त्यात ठेवली की तेहतीसाव्या सेकंदाला ती ऋण होते. ईएसपी३२ वर हीच ओळ चोवीस दिवसांहून अधिक काळ ठीक चालेल आणि मग बिघडेल, म्हणजे चाचणीत ती चूक कधीच सापडणार नाही. ‘मिलिस’ नेहमी ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये घ्यावा, तोही सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पण ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ अशी वजाबाकी केली तर हिशेब बिघडत नाही. दुसरे असे की उनोवर ‘डबल’ हा ‘फ्लोट’इतकाच, चार बाइटांचा असतो आणि ईएसपी३२ वर आठ बाइटांचा. प्रत्येक ठिकाणी ‘इंट१६-टी’, ‘युइंट३२-टी’ असे आकार सांगणारे प्रकार वापरावेत.

नोंद बांधण्याचे आणि सोडवण्याचे कोड एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे, तिथे पिन किंवा रेडिओ यांचा उल्लेखही नसावा. मग तीच फाइल घरच्या लॅपटॉपवर कंपाइल करून तपासता येते : क्रमांक ३, वेळ १०००, तापमान २८५ ही नोंद दिली की कोणते बाइट कोणत्या क्रमाने यायला हवेत ते हाताने काढून चाचणीत लिहून ठेवावे. ऋण तापमानाचीही एक नोंद घालावी. देवगडात पारा शून्याखाली जात नाही हे मला ठाऊक आहे, पण सेन्सरची तार सुटल्याची खूण म्हणून काही लायब्ररी ऋण आकडाच देतात.

प्रश्न : सेवा केंद्रासाठी नवा लॅपटॉप घेतला, बॅटरी दिवसभर टिकते. विंडोज आहे, बाकी सगळे प्रोग्राम चालतात, पण अंगठ्याचे यंत्र ओळखले जात नाही. दुकानदार म्हणतो, यंत्र बिघडले आहे. (गुहागर)

उत्तर : ‘सिस्टीम’च्या पानावर प्रोसेसरचा प्रकार पाहावा; तिथे ‘आर्म’ असा शब्द असेल तर यंत्र बहुधा ठणठणीत आहे. आर्मवरचे विंडोज ११ एक्स८६ साठी लिहिलेले सामान्य प्रोग्राम भाषांतर करून चालवते, पण ही सोय ड्रायव्हरला लागू नाही. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा ड्रायव्हर आर्म६४ साठीच बांधलेला असावा लागतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावर तसा ड्रायव्हर असल्यास तो बसवावा, नसल्यास त्या कामापुरता जुना इंटेल लॅपटॉप जवळ ठेवावा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि जुने प्रिंटर यांबाबतही खरेदीपूर्वी हेच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पाचे सॉफ्टवेअर ‘सगळ्या प्रोसेसरांवर’ चालावे अशी अपेक्षा आहे, पण माझ्याकडे फक्त एक इंटेलचा लॅपटॉप आहे. चाचणी कशी करू? (लोणेरे)

उत्तर : ‘सगळ्या’ हा शब्द आधी प्रकल्पाच्या अहवालातून काढून टाक आणि त्या जागी नावे लिही. माझी निवड विचारशील तर एक्स८६-६४ हा आधार धरून आणखी तीन आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची घराणी, घ्यावीत : ६४ बिटांचा आर्म, कारण प्रत्यक्ष वापरणारे तिथे आहेत, ३२ बिटांचा आर्म, कारण तिथे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि ‘लाँग’ हा पूर्णांक चार बाइटांचे असतात, आणि आयबीएमच्या मेनफ्रेमचे एस३९०एक्स. कोकणात कोणाच्या घरी मेनफ्रेम नाही, पण मोठा बाइट आधी ठेवणारे आणि लिनक्सवर अजून नीट सांभाळले जाणारे असे ते आर्किटेक्चर आहे. बाइटांच्या क्रमाविषयीची तुझी गृहीतके तिथे पहिल्याच फटक्यात उघडी पडतील.

बांधणीसाठी क्रॉस-कंपायलर लागतो, म्हणजे इंटेलवर चालणारा पण आर्मचे मशीन-कोड काढणारा कंपायलर. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये तो पॅकेज म्हणून तयार मिळतो. कंपायलर बसवणे सोपे असते. घोळ होतो तो लायब्ररींमध्ये. बांधणीची स्क्रिप्ट नकळत लॅपटॉपवरच्या इंटेलच्या लायब्ररी उचलते आणि लिंकर तक्रार करतो. लक्ष्य आर्किटेक्चरच्या हेडर व लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून कंपायलरला ‘सिसरूट’ म्हणून तोच फोल्डर दाखवायचा, हा त्यावरचा सरळ मार्ग. गो भाषेत लिहीत असशील तर ‘गोआर्च’ची किंमत आर्म६४ केली की काम झाले, अट एवढीच की सी मधली लायब्ररी जोडलेली नसावी.

चालवून पाहण्यासाठी क्यूईएमयू हा इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम आहे. फॅब्रिस बेलार यांनी तो २००३ मध्ये सुरू केला आणि आज तो डझनभराहून अधिक आर्किटेक्चर समजतो. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पूर्ण यंत्र उभे राहते, त्यावर स्वतंत्र कर्नल चालतो; दुसरीत फक्त तुझा प्रोग्राम भाषांतरित होतो आणि कर्नलची कामे लॅपटॉपचाच लिनक्स करतो. रोजच्या चाचण्यांसाठी दुसरी तऱ्हा पुरेशी आणि पुष्कळ वेगवान आहे. लिनक्सच्या ‘बिनएफएमटी-मिस्क’ या सोयीची जोडणी केली की आर्मचा प्रोग्राम नेहमीच्या आज्ञेप्रमाणे नुसते नाव लिहून चालतो आणि दुसऱ्या आर्किटेक्चरचे डॉकर कंटेनरही चालू होतात. ती जोडणी नसेल तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असा संदेश दिसतो. दुसऱ्याच आर्किटेक्चरचा प्रोग्राम चालवायला दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. फाइल खराब झाली असे समजून ती पुन्हा डाउनलोड करत बसू नकोस.

‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ हा संदेश मात्र निराळा. तिथे घराणे बरोबर असते, पिढी चुकलेली असते. नव्या लॅपटॉपवर ‘मार्च-नेटिव्ह’ हा पर्याय देऊन बांधलेला प्रोग्राम प्रयोगशाळेतल्या २०१३ पूर्वीच्या इंटेल संगणकावर नेला, तर एव्हीएक्स२ सूचना न समजल्यामुळे तो तिथेच कोसळू शकतो. पहिला रास्पबेरी पाय आणि मूळचा पाय झीरो हे आर्मच्या सहाव्या आवृत्तीचे आहेत आणि डेबियनची ३२ बिटांची ‘आर्मएचएफ’ पॅकेजे सातव्या आवृत्तीसाठी बांधलेली असतात. तिथेही हाच अनुभव येतो. पाय ४ आणि पाय ५ यांतही फरक आहे : एईएस कूटलेखनाच्या सूचना पाय ५ मध्ये आहेत, पाय ४ मध्ये नाहीत. अशा खास सूचना वापरायच्या असतील तर प्रोग्राम सुरू होताना त्या उपलब्ध आहेत का ते विचारावे आणि नसल्यास साधा मार्ग घ्यावा. दोन्ही मार्गांची चाचणी हवी, कारण तुझ्या लॅपटॉपवर साधा मार्ग कधी धावतच नाही.

इम्युलेटरवरच्या वेगावरून कोणताही निष्कर्ष काढू नकोस. तिथे प्रोग्राम खऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी मंद चालतो. त्यावरून ‘आर्म हळू आहे’ असा आलेख काढून अहवालात लावलेला मी पाहिला आहे.

खरे यंत्र दुरूनही मिळते. प्रकल्पाचे कोड खुले ठेवलेस तर गिटहबवर २०२५ पासून आर्म६४ ची यंत्रे सार्वजनिक प्रकल्पांच्या चाचण्यांसाठी विनामूल्य आहेत. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी जीसीसी कंपाइल फार्म आहे. तिथे अर्ज करून खाते घेतले की पॉवर, आर्म, रिस्क-फाइव्ह अशा खऱ्या यंत्रांवर दूरस्थ लॉगिन मिळते. मराठी फाइलनावे, रिकामी फाइल आणि २०३८ नंतरची एखादी तारीख या तीन गोष्टी चाचण्यांत जरूर घाल. ३२ बिटांत सेकंद मोजणारी जुनी वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. डेबियनने १३व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या आर्मवर वेळ ६४ बिटांची केली, पण तुझ्याच फाइलीत ती चार बाइटांत लिहिलेली असेल तर डेबियन काही करू शकत नाही.

प्रश्न : बोटीवर बसवायच्या चार-कोअर आर्म बोर्डासाठी मी प्रोग्राम लिहिला आहे. एक थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे धावणारा भाग) जीपीएसकडून स्थान घेतो, दुसरा ते किनाऱ्यावर पाठवतो. लॅपटॉपवर रात्रभर चालवला, क्यूईएमयूवर चालवला, एकही चूक नाही. बोर्डावर मात्र क्वचित वेळ नवी आणि अक्षांश जुना अशी नोंद जाते. हार्डवेअर सदोष असेल का? (हर्णे)

उत्तर : हार्डवेअरवर माझा संशय नाही. आपला पहिला थ्रेड वेळ, अक्षांश आणि रेखांश लिहितो आणि मग ‘तयार’ हा झेंडा १ करतो. दुसरा थ्रेड झेंडा १ दिसताच बाकीचे वाचतो. यात गृहीत असे धरले आहे की ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने दुसऱ्या कोअरला दिसेल. एक्स८६ हे आश्वासन देतो : एका कोअरने केलेली लेखने इतरांना त्याच क्रमाने दिसतात. आर्म ते देत नाही. तिथे झेंडा आधी आणि अक्षांश नंतर दिसणे पूर्णपणे नियमात बसते, आणि त्या सवलतीच्या बदल्यात प्रोसेसरला मेमरीची वाट न पाहता पुढे जाण्याची मोकळीक मिळते. कंपायलरही असा क्रम बदलू शकतो, म्हणजे लॅपटॉपवरही आपण केवळ नशिबाने वाचलात.

क्यूईएमयूने चूक का दाखवली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. तो आर्मच्या सूचनांचे एक्स८६ च्या सूचनांत भाषांतर करतो, त्यामुळे प्रत्यक्ष लेखन-वाचन एक्स८६ च्या शिस्तीतच होते. खाडीत वल्हवून पाहिलेल्या होडीवरून खुल्या समुद्रातल्या लाटांचा अंदाज यावा, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. ॲपलने मॅकमध्ये उलट्या दिशेची अडचण हार्डवेअरमध्येच सोडवली आहे : इंटेलचे जुने प्रोग्राम रोझेटा २ द्वारे चालवताना तो आर्म प्रोसेसर एक्स८६ सारखी लेखनाची शिस्त पाळण्याच्या खास अवस्थेत जातो. आपल्या बोर्डावर ती सोय नाही.

झेंडा ‘व्होलाटाइल’ करण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्याने हे काम होत नाही. सी११ आणि सी++११ पासून भाषेतच ‘ॲटॉमिक’, म्हणजे थ्रेडांमध्ये सुरक्षितपणे वाटून घेता येणारे प्रकार आहेत. झेंडा ॲटॉमिक करावा, लिहिताना ‘रिलीज’ आणि वाचताना ‘ॲक्वायर’ हा क्रम मागावा. मात्र वाचन चालू असतानाच नवे स्थान आले तर अर्धी नवी, अर्धी जुनी नोंद जाण्याचा धोका उरतोच. दर सेकंदाला एक-दोन नोंदी असणाऱ्या आपल्या कामात सरळ म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) वापरावा, असेच मी सांगेन. हुशारीची किंमत बोट समुद्रात असताना मोजावी लागते.

चाचणीसाठी ‘थ्रेड-सॅनिटायझर’ हा कंपायलरचा पर्याय लॅपटॉपवरच वापरावा. चुकीचा आकडा प्रत्यक्षात दिसण्याची तो वाट पाहत नाही. दोन थ्रेड एकच जागा कोणत्याही समन्वयाविना हाताळत आहेत एवढे दिसले की तो ओरडतो, म्हणून एक्स८६ वर बसूनही ही चूक पकडतो. त्यानंतर खऱ्या बोर्डावर चारही कोअर कामाला लावून, जीपीएसऐवजी खोट्या नोंदींचा मारा करून प्रोग्राम चालवावा. प्रत्येक खोट्या नोंदीत वेळ, अक्षांश आणि रेखांश या तिन्हींत एकच चढता आकडा ठेवावा. तिन्ही आकडे सारखे नसले की नोंद फाटली हे शंकेविना कळते.

प्रश्न : आम्ही पदविकेला शिकवतो. रिस्क-फाइव्हचा इतका बोलबाला आहे, तो अभ्यासक्रमात आणावा का? (मालवण)

उत्तर : आणावा, पण आर्म काढून नव्हे. रिस्क-फाइव्हचा आराखडा २०१० मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झाला आणि त्याचे मानक सर्वांना खुले आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर त्यावरच आधारलेले आहेत. अशाच प्रोसेसरांसाठीचा केंद्र सरकारचा ‘डीआयआर-फाइव्ह’ कार्यक्रम एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने रिस्क-फाइव्हला प्रथमच अधिकृत आर्किटेक्चर म्हणून स्वीकारले, तेव्हा पॅकेजांची चणचण आता फारशी नाही. शिकवण्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की मूळ ३२ बिटांच्या संचात सूचना सुमारे चाळीसच आहेत. विद्यार्थी कंपायलरने काढलेले असेंब्ली कोड शब्दशः वाचू शकतात. एक्स८६ च्या बाबतीत तशी अपेक्षा मी शिक्षकांकडूनही ठेवणार नाही.

पहिल्या तासाला बोर्डही लागत नाही. आज्ञेसोबत दिलेल्या दोन पूर्णांकांचा भागाकार छापणारा सी मधला चार ओळींचा प्रोग्राम मुलांना लिहू द्यावा, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून तो एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह ६४ साठी तीनदा बांधावा आणि क्यूईएमयूखाली चालवावा. भाजक शून्य दिला की एक्स८६ वरचा प्रोग्राम ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणून कोसळतो, आर्मवरचा निमूटपणे ० छापतो आणि रिस्क-फाइव्हवरचा उणे १. भाजक कोडमध्येच शून्य लिहू नये, तो बाहेरून द्यावा. नाहीतर कंपायलर आधीच काहीतरी ठरवून मोकळा होतो. सी च्या मानकात या भागाकाराला अर्थच दिलेला नाही, हे त्या तीन उत्तरांनंतर सांगितले तर वर्गात प्रश्न येतील. आधी सांगितले तर वह्यांत उतरवून घेतील.